रस आटतो केव्हा आणि तापतो केव्हा : कोल्हापूरच्या एका गुऱ्हाळातील बिघडलेल्या आदणाचा अभ्यास

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका गावातील गुऱ्हाळात जानेवारीतल्या एका सकाळी एक आदण, म्हणजे एका वेळी आटवायला घेतलेला रस, बिघडले. ऊस चांगला होता, रस स्वच्छ होता, भेंडीचे पाणी घालून मळीही नीट काढलेली होती, आणि चाळीस वर्षे हेच काम करणारा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीजवळ (रस आटवायच्या मोठ्या पसरट कढईजवळ) उभा होता. तरीही वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ जागेत, ओतलेला पाक काळपट तांबडा झाला, त्याला किंचित कडसर वास आला आणि साच्यातून निघालेल्या रव्यांना (गुळाच्या ढेपांना) बाजारात नेहमीचा भाव मिळाला नाही. त्या दिवशी गुऱ्हाळात एकच गोष्ट नवीन होती, ती म्हणजे काहिलीच्या कडेला अडकवलेला, लांब दांडीचा आकडे दाखवणारा तापमापक.

हा तापमापक आणणारा मुलगा गुऱ्हाळमालकांचा पुतण्या. तो माझा जुना विद्यार्थी आहे आणि पदवीच्या वर्गात त्याने उष्णतेचे प्रकरण माझ्याकडेच शिकले होते. आदण बिघडल्यावर घरातून दोन मते पुढे आली. काकांच्या मते तापमापकामुळे नुकसान झाले, तर पुतण्याच्या मते तापमापकच सदोष होता, कारण रस ढवळून निघेल इतका उकळत असतानाही तो १०० अंश दाखवत नव्हता. तो नोंदींची वही घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा वही वाचताना माझ्या लक्षात आले की तापमापक अगदी बरोबर होता. चूक झाली होती ती तापमापक नेमके काय मोजतो हे समजण्यात, आणि त्या चुकीचा निम्मा भार मी शिक्षक म्हणून माझ्यावर घेतो. व्याख्या मी शिकवल्या होत्या, पण त्या काहिलीपर्यंत पोहोचवल्या नव्हत्या.

कोल्हापुरात गुळाचे आदण बिघडणे ही लहान बाब नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, तेव्हापासून ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी ओळखली जाते, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. या गुळाची पारख रंगावर, रव्याच्या घट्टपणावर आणि कणीवर होते, आणि या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी शेवटच्या काही मिनिटांत ठरतात.

वहीतील नोंदी

काहिलीत सुमारे १,००० किलो रस होता आणि त्यात विरघळलेले घनपदार्थ, मुख्यतः साखर, १९ टक्के होते. सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी जाळ सुरू झाला, तेव्हा रस २८ अंश सेल्सिअसला होता. मळी वर येऊन काढली जाईपर्यंत जाळ मंद ठेवायचा असतो, आणि तसा तो ठेवलाही होता. ७ वाजून १५ मिनिटांनी रस उकळू लागला. त्या वेळी तापमापकावर ९८.४ हा आकडा होता.

यानंतरच्या नोंदी एकसुरी आहेत. साडेसातला ९८.५, आठला ९८.८. आठनंतर मुलाने कंसात लिहिले आहे, ‘जाळ कमी पडतोय, चिपाडे वाढवली.’ (चिपाडे म्हणजे रस काढलेल्या उसाचा वाळलेला चोथा, गुऱ्हाळाचे जळण.) साडेआठला ९९.४ आणि पुन्हा ‘जाळ वाढवला, फेस उतू येतोय, तापमान तेवढेच.’ ९ वाजता १०१ अंश झाले. म्हणजे पहिल्या ३५ मिनिटांत ७० अंश चढलेला आकडा पुढच्या पावणेदोन तासांत अडीच अंशांहून थोडाच अधिक चढला.

९ वाजून १२ मिनिटांनी तापमापकाने १०८ दाखवले. त्या वेळी गुळव्यामामांनी काहिलीतल्या पाकाचे बुडबुडे पाहून सांगितले, “पाक तापाय लागलाय, आता जाळ वडा,” म्हणजे जळण बाहेर ओढून घ्या. मुलगा म्हणाला, “अजून दहा अंश बाकी आहेत, मामा.” त्याच्याकडे असलेली माहिती योग्यच होती. कोल्हापूर भागात साच्यात बसणाऱ्या गुळासाठी पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात, आणि काकवी हवी असेल तर १०५ ते १०६ अंशांवरच थांबतात. मात्र आधीच्या अडीच अंशांना पावणेदोन तास लागलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून दहा अंशांना निदान अर्धा तास तरी लागेल असे त्याने गृहीत धरले. काहील उतरवणारे गडी चहाला गेले होते, त्यांना त्याने हाकही मारली नाही. ९ वाजून १७ मिनिटांनी आकडा ११८ झाला. गडी धावत येऊन काहील चुलवाणावरून (तिच्याखालच्या भट्टीवरून) हलेपर्यंत आणखी अडीच-तीन मिनिटे गेली, आणि वहीतली शेवटची नोंद १२४ अंशांची आहे.

उकळणारा रस १०० अंशांचा का नव्हता

पुतण्याची पहिली शंका आधी निकालात काढणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा गैरसमज तिच्यातूनच वाढला. पाणी १०० अंशांना उकळते हे वाक्य समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापुरते खरे आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उंची साधारण ३०० मीटर वाढली की हवेचा दाब घटल्यामुळे पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचे तापमान, जवळपास एका अंशाने उतरतो, त्यामुळे कोल्हापुरात साधे पाणी सुमारे ९८.२ अंशांना उकळते. त्यात साखर विरघळली की उत्कलनांक थोडा वर सरकतो, आणि १९ टक्के साखरेच्या रसासाठी हा फरक अंशाच्या काही दशांशांइतकाच असतो. म्हणून ९८.४ हा आकडा तापमापकाचा दोष नसून त्याच्या अचूकपणाचा पुरावा होता. मुलाने मात्र त्याचा अर्थ असा लावला की रसाला अजून पुरेशी उष्णता मिळालेली नाही, आणि चुलवाणात चिपाडे लोटायला सांगितले.

तीन शब्द आणि त्यांची सरमिसळ

आपल्या बोलण्यात उष्णता हा शब्द अनेक अर्थांनी येतो. एप्रिलमध्ये ‘उष्णता वाढली’ म्हणतो तेव्हा आपल्याला हवेचे तापमान अभिप्रेत असते, तोंड आल्यावर ‘अंगात उष्णता आहे’ म्हणतो तेव्हा शरीरात साठलेले काहीतरी अभिप्रेत असते, आणि ‘चुलीची उष्णता लागते’ म्हणतो तेव्हा एका ठिकाणाहून दुसरीकडे येणारे काहीतरी. भौतिकशास्त्रात हा शब्द फक्त तिसऱ्या अर्थासाठी राखून ठेवलेला आहे. तापमानातील फरकामुळे अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे वाहणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. वस्तूच्या आत तिच्या रेणूंच्या अस्ताव्यस्त हालचालीच्या आणि त्यांच्या परस्पर आकर्षणाच्या रूपाने जी ऊर्जा असते, ती औष्णिक ऊर्जा किंवा अधिक नेमकेपणाने आंतरिक ऊर्जा होय. तापमान हे त्या हालचालीची दर रेणूमागे सरासरी किती तीव्रता आहे हे दाखवते, आणि उष्णता कोणत्या दिशेने वाहील हे त्यावरून ठरते. वस्तू मोठी आहे की लहान, याच्याशी तापमानाचा संबंध नाही. औष्णिक ऊर्जेचा मात्र थेट संबंध आहे.

हा फरक गुऱ्हाळात काम करणाऱ्यांच्या अंगावर रोज पडतो. चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणाऱ्या माणसाच्या हातावर चिपाडाच्या ठिणग्या पडतात. लालसर चमकणारी ठिणगी ७०० अंशांच्या घरात असते, तरी तो ती झटकतो आणि काम चालू ठेवतो. तोच माणूस पाकाचा एक शिंतोडा हातावर पडला तर ओरडून उठतो, आणि तो पाक तर केवळ ११५ अंशांचा असतो. ठिणगीचे वस्तुमान एक मिलिग्रॅम धरले, तर ती थंड होताना एक ज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा त्वचेला देते. दहा ग्रॅम पाक त्वचेच्या तापमानापर्यंत उतरताना सुमारे १,७०० ज्यूल देतो, आणि शिवाय तो चिकटून बसतो. अंशांचा आकडा ठिणगीचा सहापट, पण भाजण्याची ताकद पाकाची. वर्गात मी हे उदाहरण दिले असते तर बरे झाले असते असे मला आता वाटते.

उष्णता ही वस्तूत ‘भरलेली’ नसते याची आणखी एक खूण याच गुऱ्हाळात आहे. ऊस गाळणाऱ्या घाण्याच्या बेअरिंगला तासाभराने हात लावला तर चटका बसतो. तिथे कोणी जाळ घातलेला नसतो. घर्षणात खर्ची पडलेल्या कार्याने धातूची आंतरिक ऊर्जा वाढलेली असते. तोफा कोरताना निघणारी अशीच अखंड ऊब पाहून रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९८ साली, उष्णता हा पदार्थात साठलेला एखादा द्रव असावा या तेव्हाच्या समजुतीला धक्का दिला होता.

पावणेदोन तास उष्णता गेली कुठे

आता वहीतल्या मधल्या, एकसुरी भागाकडे वळू, कारण प्रकरणाचा गाभा तिथे आहे. रसाची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलो रस एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, सुमारे ३.८ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर १,००० किलो रस २८ पासून ९८ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २,६६,००० किलोज्यूल लागतात. एक किलो पाण्याची त्याच तापमानाला वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, आणि यालाच आपण बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. रसातील घनपदार्थ १९ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाईपर्यंत सुमारे ६८३ किलो पाणी उडून जावे लागते. त्याला १५ लाख ४० हजार किलोज्यूल लागतात, म्हणजे रस उकळायला लागण्यासाठी जेवढी उष्णता लागली त्याच्या जवळपास सहापट. आणि ६० टक्क्यांच्या रसाचा उत्कलनांक साध्या पाण्यापेक्षा जेमतेम तीन अंश वर असतो. म्हणूनच ९ वाजता तापमापक १०१ दाखवत होता.

या काळात चुलवाणातून रसाला मिळणारी उष्णता कमी नव्हती, उलट ती सकाळच्या मंद जाळापेक्षा अधिक होती. पण ती रेणूंची सरासरी हालचाल वाढवण्यात खर्च न होता, पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवून वाफेत पाठवण्यात खर्च होत होती. जाळ वाढवला की उकळी जोराची होते, वाफ जास्त निघते, फेस उतू येतो, परंतु उकळत्या रसाचे तापमान चढत नाही, कारण जास्तीची प्रत्येक किलोज्यूल वाफेबरोबर छपराबाहेर जाते. ‘तापमान तेवढेच’ ही मुलाची कंसातली नोंद अगदी खरी होती, फक्त तिचा अर्थ त्याने उलटा लावला.

जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ग्लासगो येथे हीच गोष्ट मोजली होती. त्याने सपाट भांड्यात थोडे पाणी घेऊन ते लालबुंद लोखंडी पत्र्यावर ठेवले. ५० अंश फॅरनहाइटचे पाणी सुमारे ४ मिनिटांत उकळू लागले, आणि ते पूर्ण उडून जायला आणखी सुमारे २० मिनिटे लागली. पत्र्याकडून दर मिनिटाला सारखीच उष्णता येते असे मानून त्याने हिशेब केला. पाणी उकळेपर्यंत १६२ अंश चढले होते, म्हणजे वाफेत गेलेली उष्णता पाण्याला आणखी ८१० अंश चढवू शकली असती. ती तापमापकावर कुठेच दिसली नव्हती, म्हणून तिला अप्रकट म्हटले गेले. उष्णतेचे प्रमाण आणि तापमान या दोन स्वतंत्र राशी आहेत हे एवढ्या साध्या मांडणीतून सिद्ध करण्याची ताकद मला आजही थक्क करते. पुतण्याची वही हा नकळत केलेला तोच प्रयोग होता, भांडे तेवढे हजार किलोंचे.

शेवटची पाच मिनिटे

१०१ अंशांनंतर चित्र पालटते. १०१ ते १०८ या टप्प्यात सुमारे ८० किलो पाणी जाते, आणि त्याला १ लाख ८० हजार किलोज्यूल लागतात. १०८ ते ११८ या टप्प्यात फक्त ३१ किलो पाणी जाते, आणि त्याला ७० हजार किलोज्यूल पुरतात. म्हणजे पहिल्या अडीच अंशांना जेवढी उष्णता लागली, तिच्या विसाव्या भागाहूनही कमी उष्णतेत पुढचे दहा अंश उरकतात. पाणी कमी होत गेले की साखरेचे प्रमाण वेगाने चढते आणि उत्कलनांक तिच्यामागे धावतो. जाळ मात्र मुलाने आठनंतर वाढवलेला तसाच होता. सकाळी हजार किलोंच्या रसासाठी योग्य ठरेल त्याहून मोठा जाळ आता सव्वादोनशे किलो पाकाखाली पेटलेला होता.

११८ अंशांना काहिलीत सुमारे १६ किलो पाणी उरते. इथपर्यंत तापमानाला आवर घालणारे तेच होते. जोवर उडायला पाणी आहे तोवर उष्णता वाफेत जाते, आणि पाणी संपत आले की ती थेट पाक तापवू लागते. अशा तापमानाला साखरेचे विघटन वेग घेते, रंग गडद होतो, कडसरपणा येतो, आणि काही साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज बनल्याने रवाही नीट बांधला जात नाही. वाफ्यात दिसलेल्या रंगाचे मूळ हे आहे.

आणखी दोन गोष्टींनी घात केला. पाक घट्ट झाला की त्यातले अभिसरण मंदावते. पातळ रसात तळाचा तापलेला थर सहज वर येतो, पण दाट पाकात तो तळालाच रेंगाळतो, आणि काहिलीच्या पत्र्याला लागलेला पाक तापमापकाच्या टोकापेक्षा कितीतरी अधिक तापतो. शेवटी सतत फावडे फिरवावे लागते ते यासाठीच. त्या सकाळी ढवळणारा गडीही चहालाच गेलेला होता.

दुसरी गोष्ट चुलवाणाची. जाळ ओढला म्हणजे उष्णता थांबली असे होत नाही. दोन तास तापलेल्या विटा-मातीच्या भिंतींत मोठी औष्णिक ऊर्जा साठलेली असते. विटांची उष्माधारकता किलोमागे दर अंशाला सुमारे ०.८४ किलोज्यूल धरली, तर ४०० अंशांनी तापलेल्या १,००० किलो विटांत ३ लाख ३६ हजार किलोज्यूल असतात, म्हणजे शेवटच्या दहा अंशांना लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास पाचपट. ती सगळी काहिलीकडे येत नाही, पण प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, येणारा तिचा लहानसा भागही पाक आणखी चढवायला पुरतो. गुळव्यामामा १०८ ला जाळ ओढायला सांगत होते, ते उरलेले दहा अंश भिंतींच्या उष्णतेवर सावकाश चढावेत म्हणून. त्यांनी हा हिशेब कधी कागदावर मांडलेला नाही, पण तो त्यांच्या हाताला पाठ आहे.

मला सर्वाधिक विचार करायला लावले ते त्यांच्या शब्दांनी. मी त्यांना विचारले की साडेआठला रस तापत होता का. ते म्हणाले, “न्हाई सर, तवा रस आटत व्हता. तापला तो शेवटाला.” उष्णता घेऊन तापमान वाढणे आणि उष्णता घेऊन अवस्था बदलणे, या दोन क्रियांना त्यांच्या बोलीत दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि ती ते कधीही अदलाबदल करत नाहीत. आम्ही वर्गात ‘उष्णता दिली की पदार्थ तापतो’ असे वाक्य सरसकट फळ्यावर लिहितो.

नंतरची व्यवस्था

तापमापक काढून टाकावा असे काकांचे म्हणणे होते. मी तो ठेवण्याचा आग्रह धरला, पण त्याचे काम बदलून. रोज सकाळी पहिल्या आदणाआधी तो उकळत्या साध्या पाण्यात बुडवून पाहायचा आणि आकडा ९८.२ च्या आसपास आहे याची खात्री करायची. ९८ ते १०१ या काळात त्याकडे पाहून जाळ वाढवायचा नाही. त्या टप्प्यात किती पाणी गेले हे काहिलीतल्या रसाच्या उतरत्या पातळीवरून कळते, म्हणून कडेला खुणा केलेली एक लोखंडी पट्टी ठेवली. १०१ पासून नोंद दर मिनिटाला घ्यायची, गडी जागेवर हवेत, आणि १०८ च्या सुमारास जाळ ओढायचा. काहील उतरवण्याचा अखेरचा निर्णय थंड पाण्यात पाकाची गोळी करून पाहणाऱ्या मामांचा. कोकणात कोणी हीच पद्धत वापरणार असेल तर ११८ हा आकडा तसाच उचलू नये, कारण तोच पाक समुद्रसपाटीजवळ सुमारे दोन अंश वर उकळेल.

जळणाचाही हिशेब आम्ही मांडला. एका आदणाला रसाकडे सुमारे २० लाख ६० हजार किलोज्यूल जावे लागतात. वाळलेले एक किलो चिपाड जळताना सुमारे १५,००० किलोज्यूल देते, म्हणजे काहीही वाया गेले नाही तर १४० किलो चिपाडे पुरावीत. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जळतात, आणि जास्तीची ऊर्जा धुराड्यातून, भिंतींतून आणि उघड्या तोंडातून निघून जाते. धुराड्याच्या वाटेवर रस आधी कोमट करून घेण्याची सोय पुढच्या हंगामापूर्वी बसवायची असे काका-पुतण्यांनी ठरवले आहे.

या व्यवस्थेने उतरवलेल्या पहिल्या आदणाला मी हजर होतो. १०८ ला जाळ ओढला. आकडा स्वतःहून चढत राहिला, सुरुवातीला भराभर, मग धीमा. ११७ वर मामांनी वाटीतल्या पाण्यातून गोळी काढून बोटांत दाबली, मान हलवली, आणि चार गड्यांनी काहील उचलली. मुलाने तापमापकाकडे पाहिले तोवर पाक वाफ्यात पसरला होता, आणि त्याचा रंग पिवळसर सोनेरी होता.